आधी चार शब्द गोड

मनुष्यबळबाईंचा हिशेब साधा होता. सगळं जमून आलं तर त्यांना तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळणार होती. त्या खोलीला खिडकी होती, खिडकीबाहेर झाड होतं, आणि मुख्य म्हणजे तिचं दार लागत होतं. नाही जमलं तर नुकसान काहीच नव्हतं, कारण नुकसान व्हावं असं त्यांच्याजवळ होतंच काय?

होती ती हॉस्पिटलच्या जिन्याखालची खोली. बाहेर पाटी होती : ‘मनुष्यबळ विभाग’. सर्जन येता-जाता म्हणायचे, “आत एक मनुष्य दिसतो, बळ कुठे ठेवलंय?” बळाला जागा नव्हतीच. अर्धी खोली मोडक्या व्हीलचेअरनी भरलेली. दुसरीकडे कुठे ठेवायच्या म्हणून कधीकाळी तात्पुरत्या आणून टाकल्या होत्या, आणि तात्पुरत्या आणलेल्या वस्तू जशा राहतात तशा त्या राहिल्या होत्या. दारामागे त्यांचा असा ढीग की दार निम्म्यावर येऊन अडकायचं.

आता मनुष्यबळाचं काम म्हणजे नुसत्या नेमणुका, रजा आणि पाळ्या नव्हेत. हॉस्पिटलात रडायला नातेवाइकांना जागा असते. तिथे नोकरी करणाऱ्यांना नसते. त्यांना रडायचं झालं की ते जिन्याखाली यायचे. बाईंसमोर पाहुण्यासाठी खुर्ची म्हणजे त्या ढिगातलीच जरा बरी व्हीलचेअर. तिचा ब्रेक गेलेला आणि फरशीला दाराकडे उतार. त्यामुळे गाऱ्हाणं सांगणारा माणूस सांगता सांगता हळूहळू दाराबाहेर निघायचा. बाई उठायच्या, मूठ धरून त्याला मागे ओढायच्या आणि म्हणायच्या, “हं, मग सासूबाई काय म्हणाल्या?” बोलण्यात खंड पडत नसे.

खंड पडायचा तो समोरच्या लाँड्रीत. तिथल्या मावशी चादरी धुवायच्या. मशीनची घरघर मोठी, पण जिन्याखाली कुणी डोळे पुसत शिरलं की मावशी मशीनच बंद करायच्या. एका सिस्टरने सासूचं गाऱ्हाणं बाईंच्या अगदी कानाशी लागून सांगितलं, तर दुपारच्या चहाला वॉचमनने तिला सासू वळवण्याचे उपाय सुचवले. त्यानंतर ती सिस्टर जिन्याखाली आली नाही. औषधांच्या खोलीत एकटीच रडायची. बाईंना ते फार लागलं होतं. दार हवं होतं ते यासाठी.

तर एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या मालकांनी, बाईंना वर बोलावलं.

“बाई, तपासणी समिती येतेय. ते लोक आधी तक्रारपेटी उघडतात. आणि आपली पेटी आता बंदच होत नाहीये.”

“सर, त्यातल्या बऱ्याच एकाच माणसाबद्दल आहेत.”

“माहितीये. हात सोन्याचा आहे हो त्यांचा. पण तोंड... ते जाऊ दे. सर्जनसकट सगळ्यांना बोलायला शिकवा. तक्रारी थांबल्या की तिसऱ्या मजल्यावरची खोली तुमची.”

“दारासकट?”

“दाराशिवाय खोली असते का कुठे?”

 हे वाक्य बाईंनी मनात नीट घडी घालून ठेवलं.

शिकवणीचा नियम एकच होता. माणसाला काहीही कडू सांगायचं असेल तर आधी चार शब्द गोड बोलायचे. खोटे नाही, खरे. आणि त्याच माणसाबद्दलचे.

“आणि माणूस बेशुद्ध असेल तर?” मागच्या रांगेतून सर्जननी विचारलं.

“तर नातेवाइकांबद्दल चांगलं बोला.”

“नातेवाइकांकडे बघून मीच बेशुद्ध पडायच्या बेतात असेन तर?”

“तर डॉक्टर, तुमच्या विनोदबुद्धीचं मला नेहमीच कौतुक वाटतं,” बाई गोड हसून म्हणाल्या, “पुढे येऊन बसा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नियम कसा चालतो ते प्रत्यक्षच दिसलं होतं.

बाईंनी स्वतःपासून सुरुवात केली. एक्स-रेवाल्याला त्या म्हणाल्या, “तुमच्या खोलीइतकी नीटनेटकी खोली सबंध इमारतीत नाही.” तो फुलला. मग रजा नाकारली. मेट्रनबाईंना म्हणाल्या, “तुमच्याशिवाय या हॉस्पिटलचं पान हलत नाही.” मेट्रनबाई लाजल्या. मग त्यांना सुट्टीच्या दिवशी बोलावलं. असं थोडे दिवस चाललं आणि सगळ्यांचा नियम पक्का झाला. फक्त बाईंनी शिकवला होता तो नव्हे. लोकांनी आपापल्या अंगावरून जो काढला तो असा, की कौतुक झालं रे झालं, तयारीत राहावं.

मेट्रनबाईंना एकदा कँटीनचा चहा खरोखरच आवडला. “आज चहा फक्कड झालाय हं,” त्या म्हणाल्या.

कँटीनवाल्याने किटली खाली ठेवली. “स्पष्ट बोला. माझी जागा कुणाला दिली?”

“अहो, चहा चांगला झालाय एवढंच!”

“असंच एक्स-रेवाल्याला म्हणाला होतात तुम्ही लोक.”

त्याच एक्स-रेवाल्याला जिन्यात कुणीतरी म्हणालं, शर्ट छान आहे. तो जागच्या जागी थांबला. “येतो मी रविवारी,” तो पडेल आवाजात म्हणाला, “बायकोला सांगतो, लग्नाला एकटीच जा.” त्याला रविवारी कुणीच बोलावलं नव्हतं. पण तो आला, दिवसभर रिकाम्या खोलीत बसला आणि बायकोने पुढे त्याच्याशी अबोला धरला.

इथपर्यंत ठीक होतं. घरातली गोष्ट घरात होती. पण जनरल वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. निवृत्त हेडमास्तर. उभा जन्म पोरांच्या कॉप्या पकडण्यात गेलेला. अशा माणसाला खाटेवर नुसतं पाडून ठेवलं तर तो दुसरं काय करणार?

“लक्षात येतंय का तुमच्या?” एका दुपारी त्यांनी वॉर्डाला उद्देशून विचारलं. “समोरच्यांना डॉक्टर म्हणाले, तुमची सहनशक्ती दांडगी. लगेच टाके उसवून परत घातले. कोपऱ्यातल्यांना म्हणाले, तुमची माणसं किती प्रेमळ आहेत. त्यांचा मुक्काम वाढवला. निष्कर्ष काय?”

आणि उत्तरही त्यांनीच दिलं.

“इथं ज्याचं कौतुक झालं, त्याचं काही खरं नाही!”

दुसऱ्या दिवशी राउंडला सर्जन आले तर निम्म्या पेशंटनी तोंडावर पांघरूण ओढलेलं. सर्जन बिचारे नियमाने वागायला बघत होते. सवयच नसल्याने एकेक गोड शब्द त्यांच्या तोंडातून दाढ काढल्यासारखा निघायचा. शेवटी पित्ताशयवाल्या एका गृहस्थांपाशी त्यांचा बांध फुटला. “अहो, लोळताय काय म्हशीसारखे? काही झालेलं नाही तुम्हाला! उठा, चालायला लागा आणि जा घरी!”

गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या बायकोने खाटेखाटेपाशी जाऊन सांगितलं, “यांना म्हैस म्हणाले! घरी सोडताहेत!”

झालं. सर्जननी ओरडावं म्हणून पेशंट नवस बोलायचेच काय ते बाकी राहिले. ज्याच्यावर ते खेकसले तो बॅग भरायला घ्यायचा. ज्याच्याशी नीट बोलले त्याचा रक्तदाब वाढायचा. तक्रारपेटीत तक्रारी आता येत होत्या त्या अशा : ‘मी येथे दाखल झाल्यापासून डॉक्टरसाहेब मला एकदाही रागावलेले नाहीत. शेजारच्यांना मात्र रोज गाढव म्हणतात. हा भेदभाव आहे.’

मोठ्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी तीनतीनदा वाचली. काही कळलं नाही, तेव्हा त्यांनी मोठी माणसं करतात तेच केलं. सर्जनना बोलावून तंबी दिली. “उद्या समिती येतेय. उद्याचा दिवस तोंडातून कडू शब्द नको. एकसुद्धा!”

दुसऱ्या दिवशी आजोबांना सकाळी घरी सोडायचं होतं. पण लिफ्ट बंद पडली होती, म्हणून संध्याकाळी सोडावं लागणार होतं. सर्जनना सांगायचं होतं ते इतकंच. पण ही गोष्ट म्हटलं तर कडू होती, आणि दिवस तपासणीचा होता. सर्जननी रात्रभर पाठ केल्यासारखी सुरुवात केली.

“आजोबा, नाडी म्हणजे अगदी विशीतल्या पोराची आहे तुमची.”

आजोबांनी चादर घट्ट धरली.

“जखम किती सुंदर भरलीये. आणि इतका समजूतदार पेशंट मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही.”

आजोबा उशीत खचले.

“तुमच्या मुलांचं भाग्य म्हणायचं, की असे वडील...”

“बास, डॉक्टर.” आजोबांनी हात वर केला. “पुढचं सांगू नका. मी समजलो.”

‘खरंच समजूतदार आहे हो म्हातारा,’ असं मनात म्हणत सर्जन सुटकेचा श्वास टाकून पुढच्या खाटेकडे गेले. लिफ्टचा विषय निघालाच नाही.

आजोबांनी सुनेला फोन लावला. “सूनबाई, सगळ्यांना घेऊन या. हो, सगळ्यांना. धाकट्यालाही आणा.”

“अहो बाबा, त्याची शाळा आहे!”

“शाळा बुडू दे.”

हेडमास्तरांच्या तोंडून ‘शाळा बुडू दे’ हे शब्द ऐकले आणि पलीकडे सूनबाईंनी फोन न ठेवताच नवऱ्याला हाक मारली.

तासाभरात खाटेभोवती सगळं घर गोळा झालं. मुलगा, सून, नातवंडं, दोन लेकी, जावई, आणि एका कपाटावरून अबोला धरलेली बहीण, म्हणजे मुलांची आत्या. आजोबांनी घड्याळ काढून थोरल्या जावयाला दिलं. मग आत्याचा हात हातात घेतला.

“कपाट तूच घे गं. मी कधीच तुझ्या मनाचा विचार केला नाही.”

“नको रे दादा कपाट मला!” आत्याने टाहो फोडला. “पण देतोस तर... सगळ्यांसमोर दिलंस बरं का!”

ते पाहून शेजारच्या खाटेवरचा रडायला लागला. त्याचं पाहून समोरचा. सगळा वॉर्ड मुसमुसत असताना दार उघडलं आणि मोठे डॉक्टर समितीच्या अध्यक्षबाईंना घेऊन आत आले. त्यांच्यामागे मनुष्यबळबाई.

“आणि हा आमचा जनरल वॉर्ड,” मोठे डॉक्टर म्हणत होते, “सगळ्यात हसतमुख!”

अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला. “काय झालंय या आजोबांना?”

“हर्निया,” सिस्टर म्हणाली. “आज घरी सोडतोय.”

“मग ही माणसं रडताहेत कशाला?”

सिस्टर घुटमळली. “डॉक्टरांनी कौतुक केलं त्यांचं.”

सर्जनना धावत आणलं. “आजोबा, अहो, तुम्ही ठणठणीत आहात!” झालं, पुन्हा चांगलंच बोलले. लेकींनी नव्याने गळा काढला.

“लिफ्ट बंद आहे, एवढंच सांगायचं होतं मला!”

“राहू दे, डॉक्टर,” मुलगा डोळे पुसत म्हणाला. “वर जायला लिफ्ट लागत नाही.”

आजोबांचा चेहरा आता खरोखरच पांढरा पडत चालला होता. सिस्टरने मनगट धरलं आणि तिचाही चेहरा बदलला. विशीतली नाडी आता पळत सुटली होती. बाई सर्जनच्या कानाशी लागल्या. “ओरडा ना तुम्ही! तुमचं ओरडणं म्हणजे घरी जायचं पत्र आहे इथे!”

“मी?” सर्जन मोठ्या डॉक्टरांकडे बघत पुटपुटले. “मला आज गोड राहायचं सांगितलंय. नोकरी आहे हो माझी.”

बाईंनी एकदा अध्यक्षबाईंकडे पाहिलं, एकदा आजोबांच्या ओठांकडे. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, झाड, दार, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. समितीच्या देखत पेशंटवर ओरडणाऱ्या मनुष्यबळवाल्या बाईला खोली राहो बाजूला, जिनाही कुणी देणार नाही. त्यांनी पदर खोचावा तसा ओळखपत्राचा पट्टा मागे टाकला आणि पुढे झाल्या.

“आजोबा, कृपया...”

“बघा,” आजोबांनी डोळे मिटले, “कृपया म्हणते.”

“उठा!”

वॉर्डातलं रडणं थांबलं. हा आवाज बाईंचा आहे हे बाईंनाही पटायला क्षण लागला.

“लाज नाही वाटत? धडधाकट माणूस! सकाळी दोनदा नाश्ता मागून खाल्लात आणि आता सगळ्या घराला रडवत बसलाय? खाट काय तुमच्या नावावर केलीये आम्ही? शाळेत असता तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला!”

आजोबांचा एक डोळा उघडला. “मला? बाकावर?”

“हो, तुम्हाला! अंगठे धरून! आणि आत्याबाई, तुम्ही हुंदके कसले देताय? कपाट मिळालं ना? आणि डॉक्टर तुम्ही! ‘लिफ्ट बंद आहे’ हे तीन शब्द सांगायला सगळं पुराण कशाला लावायचं? आणि सर...” बाई आता थांबणाऱ्या नव्हत्या, इतक्या वर्षांचं सगळ्यांचं ऐकून घेतलेलं एकदम बाहेर पडत होतं. “सर, दाराशिवाय खोली असते का म्हणे! असते! जिन्याखाली या एकदा, दाखवते!”

 मग आजोबा कोपरावर उठले. गालांवर लाली आली होती.

“सूनबाई,” ते म्हणाले, “माझा सदरा काढा. घरी सोडताहेत.”

वॉर्डाने टाळ्यांचा कडकडाट केला. मुलाने सर्जनना मिठी मारली. आत्याने कपाटाचं पुन्हा एकदा सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं. जावयाने घड्याळ परत दिलं, पण देताना त्याला जरा वेळ लागला. कोपऱ्यातल्या खाटेवरून एक केविलवाणा आवाज आला, “बाई, जाता जाता मलाही थोडं रागवा की.”

अध्यक्षबाई निघून गेल्या. जाताना त्यांनी काय लिहून घेतलं ते कुणाला दिसलं नाही.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. बाई सगळी तयारी करून वर गेल्या. मोठे डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बाई, तुमचा आवाज इतका भरदार असेल असं वाटलं नव्हतं हो.”

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“इतक्या मनापासून काम करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. तुम्ही म्हणजे या हॉस्पिटलचा...”

“बास, सर.” बाईंनी हात वर केला. “समजलं मला. तुम्हाला अवघडायला नको. तिसऱ्या मजल्यावरची खोली सर्जनना देऊन टाका. मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही.”

आणि त्या ताठ मानेने बाहेर पडल्या. मोठ्या डॉक्टरांच्या हातात त्या खोलीची किल्ली होती, ती तशीच राहिली. समितीने ‘रुग्णांशी मनमोकळा संवाद’ म्हणून हॉस्पिटलची पाठ थोपटली होती आणि ते तेच सांगणार होते. पण इतकं मोठं मन पाहून ते इतके भारावले, की त्यांनी बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असं ठरवून सर्जनना बोलावलं.

“डॉक्टर, तुमच्यासारखा हात नाही...”

“मला हलवू नका!” सर्जन ओरडले. “मी आहे तिथे सुखी आहे!”

मग मेट्रनबाईंना विचारलं. त्यांच्या निष्ठेचा नुसता उल्लेख होताच त्या रडत खाली गेल्या. एक्स-रेवाला तर दारातूनच म्हणाला, “येतो म्हटलं ना रविवारी!” हवेशीर, झाडाची सावली असलेली ती खोली घ्यायला सबंध इमारतीत माणूस मिळेना. शेवटी मोठे डॉक्टर वैतागून किल्ली घेऊन जिना उतरले आणि बाईंनी वॉर्डात बजावलं होतं म्हणून त्यांनी जिन्याखाली डोकावून पाहिलं. मोडक्या व्हीलचेअरचा ढीग पाहिला. लिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. त्या खुर्च्यांचं कौतुक करायची गरज नव्हती, आणि त्या नाही म्हणणाऱ्याही नव्हत्या.

तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून त्या सगळ्या मोडक्या खुर्च्या झाडाकडे बघत ओळीने बसलेल्या असतात. खाली एकच ठेवली आहे, पाहुण्यासाठी. गाऱ्हाणं सांगणारा अजूनही घसरत दाराकडे जातो, पण आता दार लागलेलं असतं. तो हलकेच त्याच्यावर टेकतो आणि सांगत राहतो. सासूवाली सिस्टर परत यायला लागली आहे.

तर आता जमाखर्च पाहू. आजोबांना घर मिळालं, आत्याला कपाट, सर्जनना मनसोक्त ओरडायची मुभा, हॉस्पिटलला शाबासकी, मोडक्या खुर्च्यांना हवा आणि बाईंना दार. या व्यवहारात सगळ्यांच्या पदरात काही ना काही पडलं. किंमत मोजली ती एकट्या एका माणसाने.

परवाच लाँड्रीवाल्या मावशी चादरींचा गठ्ठा कडेवर घेऊन जिन्याखाली आल्या. दार ठोठावून आत शिरल्या आणि उगाच इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या.

“बाई, तुमची खोली काय लख्ख दिसते हो आता,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचा स्वभाव तर काय, लोणीच.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मावशी, सरळ सांगा. काय झालं?”

“झालं काही नाही.” मावशींनी गठ्ठा दुसऱ्या कडेवर घेतला. “काम फार कंटाळवाणं झालंय. दार जरा किलकिलं ठेवाल का?”